एका खाचेची कुळकथा

दिवाळी तोंडावर आली की घरोघर लहानमोठे वाद रंगतात. अनारसे घरी करायचे की विकत आणायचे, आकाशकंदील मागल्या वर्षीचाच लावायचा की नवा करायचा, अशा प्रश्नांवर एरवीची शहाणी माणसे हिरिरीने बोलू लागतात. गेल्या वर्षी आमच्या अष्टागरातल्या घराच्या ओटीवर मात्र वाद माजला तो एका यंत्रावरून. एका बाजूला आमचे सुतारमामा, दुसऱ्या बाजूला त्यांचा नातू, आणि झोपाळ्यावर, दोघांच्या मधोमध, मी.

मामांनी आमच्या वडिलांच्या वेळेपासून या घराचे लाकूडकाम सांभाळले. आता त्यांची ऐंशी जवळ आली आहे. आमचा दिंडीदरवाजा वाळवीने खाल्ला तेव्हा त्याची नवी सागवानी चौकट नातवाने करून दिली आणि “आजोबांच्या घरचं काम आहे” म्हणून मजुरी निम्मीच घेतली. उरलेल्या निम्म्याची परतफेड कशी करावी या विचारात मी होतो, तेव्हा त्याने कधीतरी बोलताबोलता उच्चारलेला शब्द मला आठवला: प्लंज राऊटर. पाडव्याला तो घेऊन द्यायचे मी परस्पर कबूल करून बसलो, आणि फसलो.

“अण्णा, पैसे तुमचे, पोर माझं,” मामा म्हणाले. “ते मशीन माझ्या घरात यायचं नाही. माझ्या पुतण्याचा डावा हात पाहिलात ना?”

पाहिला होता. १९९४ साली मुंबईच्या एका उपनगरातल्या कारखान्यात याच जातीच्या यंत्राने त्या हाताची दोन बोटे नेली. फळीच्या मधोमध खाच घ्यायची होती. फिरते पाते तिरके करून लाकडात उतरवताना यंत्र उसळले, आणि फळी दाबून धरलेला हात वाटेत आला. त्यानंतर त्याने सुतारकी सोडली. सागाची फळी नुसत्या वासावरून ओळखणारा तो माणूस आज एका गोदामात रखवालदार आहे.

नातू खाली मान घालून म्हणाला, “आजोबा, ते निराळं मशीन होतं. हे निराळं आहे.”

“मशीन सगळी सारखीच,” मामांनी निकाल दिला आणि चहाचा पेला पालथा घातला.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दोन माणसे एकाच वस्तूबद्दल इतके वेगळे बोलू लागली की त्या वस्तूचे कूळ काढावे, एवढीच विद्या मला येते. तेव्हा मामांना म्हटले, “मला आठ दिवस द्या. यंत्र निराळे आहे की सारखेच, ते मी शोधतो. सारखेच निघाले तर त्या पैशांची पोराला सायकल घेऊ.” मामांना हे पटले. त्या आठ दिवसांत जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. एक उभी मोटार, तिच्या टोकाला थेट बसवलेले एक लहानसे पाते, खाली सपाट तळ आणि दोन बाजूंना दोन मुठी. सामत्याने किंवा गिरमिटाने आपण भोक पाडतो तेव्हा पाते सरळ खाली जाते. येथे पाते गरगर फिरत आडवे चालते आणि जाता जाता लाकूड कोरत नेते. त्यामुळे खाच घ्यावी, कडेला गोलाई द्यावी, बिजागरी बसण्यापुरती जागा खोदावी, कुसू बसण्याचे भोक कोरावे, अशी पटाशी, किंकरे आणि अर्धा डझन रंधे मिळून करीत ती कामे ते एकटे करते.

या यंत्राचा पूर्वज मात्र अगदी गरीब घरचा. लाकडाचा एक ठोकळा, त्यात पाचर मारून तिरपी बसवलेली पटाशी, आणि पटाशीचे टोक तळाखाली हवे तेवढेच बाहेर आलेले. खाच करवतीने आणि पटाशीने कोरून झाली की हा ठोकळा तिच्या दोन्ही काठांवर टेकवून फिरवायचा; खोलवर गेलेले टोक खाचेचा तळ एकसारखा करीत जाते. इंग्रज सुतारांनी याला नाव ठेवले होते ‘म्हातारीचा दात’. बोळक्या तोंडात एकच दात पुढे आलेला असावा तसे ते हत्यार खरेच दिसते. जिन्याच्या बाजूच्या फळ्यांत पायऱ्या बसवायच्या खाचा याच दाताने साफ होत. पुढे १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने त्याला ओतीव लोखंडाचे अंग आणि पाते वरखाली करण्याची सोय दिली आणि ‘नंबर ७१’ म्हणून ते बाजारात आणले. लाकडी दात लोखंडी कवळीत गेला, एवढाच फरक. ‘राऊटर’ हा शब्दही इथलाच. त्याच्या मुळाशी डुकराने मुस्कटाने जमीन उकरण्याचे इंग्रजी क्रियापद आहे. नाव ठेवणारे फार सोज्ज्वळ नव्हते, पण त्यांची नजर चांगली होती.

दातावरून यंत्रावर येण्याआधी मध्ये एक मोठा टप्पा आहे, आणि मामांच्या भीतीचे दुसरे मूळ मला तेथे सापडले. शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजाला दोर ओढण्यासाठी सुमारे हजार लाकडी कप्प्या लागत. नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रिटिश आरमाराला त्या वर्षाला लाखभर हव्या असत. १८०३ ते १८०८ या काळात पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांप्रमाणे हेन्री मॉड्स्ले याने त्यासाठी यंत्रांची रांग उभी केली. सॅम्युएल बेंथम हा त्या उद्योगामागचा अधिकारी. कापणे, भोक पाडणे, खोबण कोरणे, घडवणे, प्रत्येक कामाला वेगळे यंत्र, आणि सगळ्यांना फिरवायला वाफ. १८०८ साली तेथून १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. एकशे दहा कसबी कारागिरांचे काम दहा साधी माणसे करू लागली, असा त्याचा हिशेब सांगतात. त्यातली काही यंत्रे आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहेत.

शाळेत मी हा आकडा अभिमानाने सांगत असे. उरलेले शंभर कारागीर कोठे गेले, हे एकाही मुलाने विचारले नाही आणि मलाही ते सुचले नाही. मामांनी मात्र तो आकडा ऐकताच पहिला प्रश्न तोच केला.

वाफेच्या युगाने सुताराचे जग उलटे केले. पूर्वी सुतार हत्यारांची पेटी खांद्यावर मारून लाकडाकडे जाई. आपल्याकडे तर तो घरधन्याच्या अंगणात महिना-महिना राहून काम करी. आता लाकूड यंत्राकडे जाऊ लागले, कारण यंत्राचे धूड जागचे हलणारे नव्हते. ते इंजिनाला पट्ट्यांनी बांधलेले होते. ज्याच्यापाशी इंजिन त्याच्यापाशी काम, आणि बाकीच्यांनी त्याच्या दाराशी उभे राहायचे.

हा उलटा फिरलेला काटा पुन्हा सुलटा केला तो विजेच्या लहान मोटारीने. १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कारखान्यात विजेवर चालणारे, हातात धरायचे भोक पाडण्याचे यंत्र तयार झाले. ते बरेच जड होते. पण यंत्र कामाकडे चालत गेले, हे त्यातले नवल. १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या यंत्राचे पेटंट मिळाले. आज घरोघरी दिसणारे ड्रिल त्याच घाटाचे आहे.

खाच घेणाऱ्या यंत्राला मात्र एवढ्याने भागत नव्हते. पाते आडवे चालवायचे तर फार वेगाने फिरावे लागते. नाहीतर ते लाकूड कापण्याऐवजी फाडते. आपल्या पंपाला किंवा पिठाच्या गिरणीला असते ती मोटार विजेच्या लहरींशी बांधलेली. सेकंदाला ५० लहरींच्या आपल्या विजेवर ती मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. राऊटरला हव्यात वीस-पंचवीस हजार. ही नड भागवली ‘युनिव्हर्सल’ म्हणतात त्या मोटारीने. ती लहरींच्या तालावर चालत नाही, आकाराने लहान आणि वेगाने तुफान असते. कार्बनच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्या आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी ही तिने त्याबद्दल मागितलेली किंमत.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत दोन ठिकाणी हा प्रश्न सुटला. १९१५ साली ऑस्कर ऑन्सरुड यांनी आपल्या मुलाच्या मदतीने दाबलेल्या हवेवर चालणारा हातातला राऊटर केला. त्याचे पाते मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेई. पण हवा दाबणारे यंत्र सोबत लागत असल्याने तो कारखान्यापुरता राहिला. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी कार्टर नावाच्या कारागिराने विजेचा हातराऊटर केला. त्याची कथा सुतारांच्या जगात आवडीने सांगतात. न्हाव्याचे केस कापायचे विजेचे यंत्र त्याच्या हाती आले. त्यातले एक दातेरी चाक त्याने घासून पात्यासारखे केले, मोटारीच्या दांड्यावर बसवले आणि लाकडाला लावून पाहिले. कथेला पदर किती लागले असतील ते असोत. योगायोग असा की, श्टुटगार्टच्याच बॉश कंपनीने १९२८ साली मुठीतच मोटार असलेले जे पहिले हातयंत्र काढले, तेही केस कापायचेच होते. त्याचे नाव फॉरफेक्स. सुताराने न्हाव्याचे एवढे ऋण मानायला हरकत नाही.

१९२९ साली कार्टरचा धंदा स्टॅन्लीने घेतला. म्हातारीचा लोखंडी दात विकणाऱ्या घरातच तिचा विजेचा नातू नांदू लागला, आणि पुढची कित्येक दशके अमेरिकन सुताराच्या हाती तोच राहिला.

पण या नातवात एक खोट होती. मोटार तळाशी घट्ट आवळलेली. पाते किती खाली ठेवायचे ते आधी ठरवायचे आणि मग यंत्र चालू करायचे. फळीच्या कडेने आत शिरायचे असेल तर याचा काही त्रास नाही. परंतु खाच फळीच्या मधोमध सुरू करायची असली की पंचाईत. पाते तर आधीच तळाखाली बाहेर आलेले. मग एकतर तेथे आधी भोक पाडून घ्या, नाहीतर यंत्र तिरके धरून फिरते पाते हळूहळू लाकडात उतरवा. या तिरकेपणात तळाचा आधार सुटतो. पाते एका बाजूने चावते, आणि फेऱ्यांचा सगळा जोर यंत्राला त्याच्या विरुद्ध दिशेला फेकतो.

येथे वाचताना मी थांबलो. १९९४ साली त्या कारखान्यात काय घडले होते, ते यात अक्षरशः लिहिलेले होते.

ही खोट काढली ती जर्मनीतल्या एलू या कंपनीने. एलू हे नाव ओयगेन लुट्झ या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून आलेले. १९४९ च्या सुमारास या कंपनीने मोटार तळापासून सुटी केली आणि दोन उभ्या खांबांवर, स्प्रिंगच्या आधाराने, ती वरखाली सरकेल अशी व्यवस्था केली. आता तळ लाकडावर सपाट ठेवायचा. पाते वर, लाकडापासून दूर. यंत्र चालू करायचे, वेग पुरा येऊ द्यायचा, मग दोन्ही मुठींवर भार देऊन पाते सरळ खाली बुडवायचे. काम झाले की पकड ढिली करायची. स्प्रिंग पात्याला पुन्हा वर, तळाच्या आड नेऊन ठेवते. प्लंज म्हणजे बुडी. पाणबुड्याने बुडी मारावी, मोती काढावा आणि वर यावे, तशी ही रीत. कुसवाचे भोक थेट यंत्राने कोरणे यानंतरच खरे सोपे आणि निर्धोक झाले.

या घराण्याची पुढची वंशावळ पाहून आपल्या संस्थानिकांच्या दत्तकविधानांची आठवण होते. स्टॅन्लीची विजेची शाखा १९८० च्या सुमारास बॉशकडे गेली. त्याच दशकात एलू ब्लॅक अँड डेकरकडे गेली, आणि तिची यंत्रे पुढे डिवॉल्ट या नावाने विकली जाऊ लागली. ते नावही ब्लॅक अँड डेकरने १९६० साली विकत घेतलेले. २०१० साली स्टॅन्ली आणि ब्लॅक अँड डेकर यांचे लग्न लागले. म्हणजे म्हातारीच्या लोखंडी दाताचे घर आणि जर्मन पाणबुड्याचे घर एका छपराखाली आले, आणि मधला कार्टरचा वंशज तेवढा बॉशच्या घरी राहिला. जपानच्या माकिताने १९१५ साली नागोयात मोटारी विकण्या-दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि १९५८ साली विजेचा रंधा काढला. आज तिचे राऊटरही आपल्या बाजारात मुबलक आहेत.

पात्याचाही इतिहास आहे, आणि त्यातला एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. साध्या पोलादाचे पाते इतक्या वेगात तापून मऊ पडे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या अमेरिकनांनी तापूनही धार न सोडणारे ‘हाय स्पीड’ पोलाद दाखवले. १९२३ साली बर्लिनमध्ये कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधून त्याहून कठीण धातू केला. क्रुप कंपनीने तो ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचे जोडनाव देऊन विकला: विडिया. आपल्या वर्कशॉपांत आजही कार्बाइडच्या टोकाला विडियाच म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला आपण जर्मन बोलतो आहोत याचा पत्ता नसतो. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सिलिका असते. ते धार खाते. म्हणून सागाला विडियाचेच पाते घ्यावे, हे सांगायला कोणा जर्मनाची गरज नाही. मामांनी आयुष्यभर पटाशीला धार लावताना तेच अनुभवले आहे.

आठव्या दिवशी मी मामांना सगळे सांगितले. तिरक्या पात्याचे सांगताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी एवढेच म्हणाले, “पोराला घेऊन जा. पण नीट बघून घ्या.”

मांडव्याहून बोटीने आम्ही मुंबईला गेलो आणि नागदेवी स्ट्रीट गाठली. त्या रस्त्यावर लोखंड, तेल आणि माणसे यांची अशी दाटी असते की वस्तू निवडण्याआधी उभे राहण्याची जागाच निवडावी लागते. दुकानदाराने फळीवर तीन यंत्रे मांडली. एक मुठीत मावणारा ट्रिमर, सनमायकाच्या कडा साफ करण्यापुरता. दुसरे मधले, तेराशे वॅटचे, साडेतीन किलोच्या आसपास. तिसरे दोन हजार वॅटचे, सहा किलोचे धूड. तरुण डोळे अर्थातच धुडावर खिळले.

“काका, घ्यायचं तर एकदाच घ्यायचं,” तो हळूच म्हणाला.

येथे माझा इतिहास संपला आणि गणित सुरू झाले. दोन हजार वॅटला आपल्या २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर लागतात. जुन्या घरांतली साधी खुंटी असते सहा अँपिअरची. तेराशे वॅटचे यंत्र पावणेसहाच्या आत बसते. मी विचारले, “तू काम कोठे करतोस? कारखान्यात की लोकांच्या घरी?” तो समजला. वाडीतल्या घरात, जिन्यावर, उभ्या चौकटीपाशी सहा किलोचे धूड दोन हातांनी तोलून धरणे हेही तसेच. शंभर वर्षे खटपट करून यंत्र लाकडाकडे चालत आले. आता ते उचलेनासे घेतले तर पोर्ट्समथ पुन्हा घरी आणल्यासारखे.

मग पकड. पात्याचा दांडा ज्यात आवळतात त्या कॉलेटचे माप हा खरेदीतला सर्वांत फसवा भाग. एका खणात ६ मिलिमीटरचे दांडे, दुसऱ्यात पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. तसेच १२ आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. मध्ये जर्मनांचा लाडका ८. आपल्या देशाने १९५६ साली दशमान मापांचा कायदा केला. १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी इंच नेमका २५.४ मिलिमीटर ठरवला. पण आमचा सुतार अजून सुतातच मोजतो. आठ सुतांचा इंच, दोन सुतांचा दांडा. ६ चा दांडा दोन सुतांच्या पकडीत घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, आणि पंचवीस हजार फेऱ्यांत सुटतो. आम्ही दोन सुतांची आणि ८ मिलिमीटरची अशा दोन पकडी घेतल्या आणि पाती त्यांच्याच मापाची. दांडा पुरता आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलून आवळायचा, हे दुकानदाराने करून दाखवले. तळाला टेकलेला दांडा नीट आवळला जात नाही.

वेगाचेही तसेच. १२ मिलिमीटरच्या पात्याची धार मिनिटाला २५,००० फेऱ्यांत ताशी साधारण ५६ किलोमीटरने धावते. त्याच फेऱ्यांत ५० मिलिमीटरच्या पात्याची धार धावते ताशी २३५ किलोमीटरने. म्हणून वेग कमीजास्त करण्याचे चाक असलेलेच यंत्र घ्यावे, आणि मोठे पाते दहा-बारा हजारांवर ठेवावे. चालू करताना हिसका न देता हळूहळू वेग धरणारी मोटारही त्यासाठीच.

शेवटी खांब, ज्यांच्यासाठी एवढी यात्रा. मी पोराला एकाच मुठीवर जोर देऊन यंत्र दाबायला लावले. एक नमुना अर्ध्यावर अडखळला. तो बाजूला ठेवला. दुसरा लोण्यासारखा खाली गेला आणि सोडताच वर आला. हात मुठीवरून न काढता अंगठ्याने बंद होतो का, खोली बांधणारी पकड बोटाखाली येते का, तीन पायऱ्यांची फिरकी घट्ट बसते का, ते पाहिले. या फिरकीने खोली टप्प्याटप्प्याने वाढवता येते. सागात तीस मिलिमीटरचे भोक पाच-सहा बुड्यांत करावे. एका घोटात नव्हे.

यंत्राखेरीज मी दोन लोखंडी पकडी घेतल्या. फळी यापुढे हाताने दाबून धरायची नाही, ही माझी अट. शिवाय कानाचे बोळे, चष्मा आणि भुसा ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे.

पाडव्याला ओटीवर यंत्राची पूजा झाली. पोराने फळी पकडीत आवळली आणि मला पाठ झालेला नियम मी मोठ्याने म्हटला: पाते वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून चौकटीच्या आतल्या कडेने जाताना प्रदक्षिणा घालायची आणि फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना उलटी प्रदक्षिणा. चुकलात तर यंत्र तुम्हाला ओढत नेते. मामा हसले. “देवळात चुकलं तर देव क्षमा करतो,” ते म्हणाले.

यंत्र किंचाळले, बुडाले, चालले, वर आले. बिजागरीची खाच तयार झाली. मामांनी तिच्या तळावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग कोपऱ्यांपाशी थांबले. फिरते पाते गोल, म्हणून त्याने कोरलेला कोपराही गोल. चौकोनी बिजागरी त्यात बसत नाही. मामांनी काही न बोलता पटाशी मागून घेतली, चार कोपऱ्यांना चार-चार ठोके दिले, आणि बिजागरी आत ठेवली. ती बसल्याचा आवाज फार बारीक होता, पण आम्हा तिघांनाही ऐकू आला.

“ओरडतं फार,” मामा म्हणाले. “पण खाच बरी आहे.”

भाऊबीजेला पुतण्या आला. यंत्र ओट्यावर होते. वायर काढलेली आहे याची त्याने स्वतः खात्री केली. मग उजवा हात एका मुठीवर आणि डाव्या हाताची उरलेली बोटे दुसरीवर ठेवून त्याने ते खाली दाबले आणि सोडले. ते वर आले. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा सोडले.

“अण्णा, हे कधी निघालं म्हणालात?”

“एकोणपन्नासच्या सुमारास,” मी म्हटले.

त्याने मनाशी हिशेब केला. १९४९ ते १९९४, पंचेचाळीस वर्षे. जर्मनीतून त्या कारखान्याच्या बाकापर्यंत यायला या दोन खांबांना पंचेचाळीस वर्षे पुरली नव्हती. इतिहास शिकवताना मी शोधांच्या साली फळ्यावर लिहीत असे. शोध लागला ती एक साल आणि तो आपल्या माणसाच्या हाती पोचला ती दुसरी, हे मी कधी शिकवले नाही.

पुतण्याने यंत्र फडक्याने पुसले, पेटीत ठेवले, आणि आत फराळाला गेला. जाताना नातवाला तेवढे म्हणाला, “पकडी घट्ट आवळत जा रे.”